खेळाचें दर्शन आणि त्याचें मोल

कांदिवलीच्या मैदानावर आमचा विद्यार्थी चेंडू टाकतो, तेव्हां तो पाहावयास कोणी पैसा देत नाहीं. तोच खेळ मोठ्या मैदानावर झाला म्हणजे तो दाखविण्याच्या हक्कासाठीं कोट्यवधि रुपये मोजले जातात. असें कां व्हावें, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

इ. स. १९३४ मध्यें मुंबईच्या चौरंगी सामन्याचें वर्णन ए. एफ. एस. तल्यारखान यांनीं रेडिओवरून ऐकविलें आणि मैदानाबाहेरच्या माणसासही खेळांत वांटा मिळाला. पुढें दूरदर्शन आलें. १९९३ सालीं बंगालच्या क्रिकेट संघटनेनें हीरो चषकाचे प्रक्षेपण-हक्क परदेशी कंपनीस दिले, तेव्हां सरकारशीं तंटा झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तींत सरकारची मक्तेदारी चालणार नाहीं. तेथून या व्यापाराची वाट मोकळी झाली.

हक्क विकणें म्हणजे सामने दाखविण्याची परवानगी ठराविक वर्षांपुरती देणें होय. घेणारी कंपनी आपला पैसा जाहिरातींतून व प्रेक्षकांच्या वर्गणींतून वसूल करते. जून २०२२ मध्यें झालेल्या लिलावांत आय. पी. एल. च्या पांच वर्षांच्या हक्कांस ४८,३९० कोटि रुपये आले. भारतांत दूरचित्रवाणीचे हक्क एकीस, तर मोबाइलवरील दुसरीस मिळाले. दुसरीनें २०२३ सालीं सामने विनामूल्य दाखविले. २०२४ च्या अखेरीस दोघींचा व्यवसाय एक झाला, आणि २०२५ सालीं वर्गणी सुरू झाली. दोन दुकानें असतां गिऱ्हाइकास मान मिळतो, हें पालकांस सांगणें नलगे.

अमेरिकेंत तर हा व्यापार महाविद्यालयांच्या खेळांपर्यंत पोहोंचला आहे. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें फुटबॉलच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडली, व महाविद्यालयांचे संघ आपापले हक्क विकूं लागले. पैशाचा ओघ वाढला. परंतु घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्यास बहुधा शिष्यवृत्तीच मिळे. त्यास उत्पन्नांतून थेट वांटा देण्याची मुभा विद्यापीठांस २०२५ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें मिळाली.

गरिबाच्या घरासाठीं आपल्याकडे २००७ चा कायदा आहे. सरकारनें राष्ट्रीय महत्त्वाचे ठरविलेले सामने हक्कधारकानें प्रसार भारतीस द्यावेच लागतात. दूरदर्शनवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचे शंभरांतील ७५ भाग हक्कधारकास व २५ प्रसार भारतीस मिळतात. धनी व प्रेक्षक, दोघांचाही विचार यांत दिसतो.

विद्यार्थीमित्रहो, फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस शील्डच्या सामन्यांत आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. तो खेळ कोणीं प्रक्षेपित केला नव्हता. तरी त्याची कीर्ति राहिली, आणि त्यांतील एकाच्या नांवाचा जिमखाना आज आपल्या कांदिवलींत उभा आहे. दर्शनाचें मोल बाजार ठरवितो. खेळाचें मोल खेळणारा ठरवितो.