एकच जनुक, वांग्यातलं आणि कपाशीतलं

वांग्यातली कीड वरून कळत नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडली की काही तासांतच कोवळ्या शेंड्यात, नाहीतर फळात घुसते. एकदा आत गेली की वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून शेतकरी तिला आत शिरण्याआधीच गाठायला बघतो आणि फवारणी थांबतच नाही. बांगलादेशातल्या काही पट्ट्यांत एक दिवसाआड पंप पाठीवर चढायचा. मंडईतून आपण निवडून आणतो ते तुकतुकीत, बिनभोकाचं वांगं बहुधा सगळ्यात जास्त फवारलेलं असतं.

यावर एक उतारा आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीने काढला. मातीतल्या एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजेन्सिसचं (बीटी), क्राय 1 एसी हे जनुक वांग्यात घातलं. मग झाडच एक प्रथिन बनवू लागलं. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते जागं होतं आणि आतड्याच्या अस्तराला भोकं पाडतं. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला जागाही नसते. जीईएसी या केंद्रीय समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये या वांग्याला मंजुरी दिली. मग नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या, त्या चांगल्याच गाजल्या, आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. ती आजही कायम आहे.

तेच वांगं बांगलादेशात मात्र रुजलं. महिकोने तंत्रज्ञान तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला मोफत दिलं होतं. संस्थेने ते स्थानिक वाणांत उतरवलं आणि जानेवारी 2014 मध्ये पहिल्या 20 शेतकऱ्यांना रोपं दिली. काही वर्षांत ही संख्या हजारांत गेली. पुढे तिथे झालेल्या तुलनात्मक अभ्यासात कीटकनाशकावरचा खर्च जवळपास निम्म्याने उतरल्याचं दिसलं. सगळं सुरळीत झालं असं नाही. सुरुवातीला काही प्लॉट मर रोगाने गेले, आणि पांढरी माशी, कोळी यांना हे जनुक काही करत नाही. पण माझ्या मते कळीची गोष्ट वेगळीच आहे. ही वाणं सरळ आहेत, संकरित नाहीत. शेतकरी आपल्याच वांग्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावू शकतो.

आता कपाशीकडे या. 2002 मध्ये भारतात मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कपाशीत हेच क्राय 1 एसी जनुक होतं. आपल्याकडे मात्र ते जवळजवळ सगळं संकरित बियाण्यातून आलं. म्हणजे दरवर्षी नवं पाकीट घेणं आलं. बियाणं महाग, म्हणून झाडं विरळ लावायची. झाडं विरळ, म्हणून प्रत्येक झाड मोठं वाढवायचं आणि पीक लांबवायचं. अमेरिकन बोंडअळीला बीटीने खरोखर आवर घातला, हे विरोधकांनीही मान्य करायला हवं. पण लांबलेल्या कपाशीत गुलाबी बोंडअळीचं फावलं. त्यात ओलिताची सोय असलेल्यांनी वेचण्या संपल्यावरही पाणी देऊन फरदड ठेवली, म्हणजे अळीला पिढ्यामागून पिढ्या त्याच विषावर पोसायची सोय झाली. पाकिटासोबत 120 ग्रॅमचं नॉन-बीटीचं पुडकं यायचं. ते कडेने लावलं तर विषाला न सरावलेल्या अळ्याही टिकतात आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागतो. बहुतेकांनी ते बांधावर फेकलं. दोष एकट्या शेतकऱ्याला कसा देणार? अळीला मुद्दाम चारण्यासाठी जमीन सोडा, असं त्याला कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात नंतर आलेल्या दोन जनुकांच्या कपाशीचीही बोंडं किडली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

आता जगाच्या भुकेची गोष्ट. 2023 मध्ये सुमारे 73 कोटी माणसं अर्धपोटी होती, आणि त्यांच्या नावाने जनुकीय पिकांची तळी उचलली जाते. पण जगात ही पिकं मुख्यतः चार: सोयाबीन, मका, कापूस, कॅनोला. त्यातला मोठा वाटा गुरा-कोंबड्यांच्या खाद्यात, तेलात आणि इथेनॉलमध्ये जातो. गरिबाच्या ताटातलं पीक शोधायला नायजेरियात जावं लागतं. तिथे 2019 मध्ये शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी चवळी मंजूर झाली, तीही झारियाच्या सरकारी संशोधन संस्थेतून आलेली आणि सरळ वाणाच्या रूपात. तिथली चवळी म्हणजे आपल्याकडची तूरडाळ. तिच्यावरच गरीब घराचं प्रथिन भागतं.

आपलं सरकार मात्र ना हो म्हणतं, ना नाही. बीटी वांगं शेतात लावायला बंदी, पण अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं जनुकीय सोयाबीनचं तेल आपल्या कढईत कधीचं पोचलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्य महागलं म्हणून 12 लाख टन जनुकीय सोयापेंड आयात करायला परवानगी दिली गेली. तेव्हा मराठवाड्यातलं सोयाबीन काढणीला यायला महिना-दीड महिना उरला होता. भाव पडतील म्हणून शेतकरी ओरडले.