साळावलीच्या जलाशयाकाठी

श्रोतेहो, सुट्टीचा एक दिवस कोठे घालवावा असा प्रश्न पडला, की गोमंतकात समुद्रकिनाऱ्याचे नाव प्रथम ओठांवर येते. आज मात्र मी आपणांस समुद्राकडे पाठ फिरवून सह्याद्रीच्या पायथ्याकडे, सांगे तालुक्यात नेणार आहे. जुवारीस मिळणाऱ्या साळावली नदीवर तेथे धरण बांधलेले आहे. त्याचा जलाशय दोनदा पाहावा. एकदा श्रावणात आणि एकदा वैशाखात. एरवी तो पुरता कळत नाही.

श्रावणात डोंगर हिरवेगार झालेले असतात आणि जलाशय तुडुंब भरलेला असतो. माती व काँक्रीट यांनी बांधलेले हे धरण सुमारे एक किलोमीटर लांब व ४२ मीटरांहून अधिक उंच आहे. भरल्यावर त्याचे पाणी सुमारे २४ चौरस किलोमीटरांवर पसरते. धरणाच्या पायथ्याशी उद्यान आहे. परंतु पाहुण्यांची पावले प्रथम वळतात ती सांडव्याकडे.

हा सांडवा आहे तरी कशासाठी? धरण भरल्यानंतरही पाऊस थांबत नाही. जास्तीच्या पाण्याला वाट न मिळाली, तर ते बांधावरून वाहू लागेल आणि मातीचा बांध ते सोसणार नाही. कमी वेळात पुष्कळ पाणी जावयाचे, तर सांडव्याचा काठ लांब हवा. तेवढी जागा नसेल, तर काय करावे? येथे तो काठ बदकाच्या चोचीसारखा वळवलेला आहे. त्यामुळे थोड्या जागेत काठाची लांबी वाढते आणि पाण्याची पातळी थोडीशी चढताच चहूबाजूंनी पाणी आत कोसळू लागते. तो घनगंभीर नाद ऐकत माणसे तासन्‌तास उभी राहतात. मात्र शोभा पाहण्याच्या भरात कठडा ओलांडण्याचा मोह कोणीही धरू नये.

आता वैशाखातील दर्शन. आठ महिने नळांना व कालव्यांना पाणी पुरवून जलाशय ओसरतो. मग चिखलातून हळूहळू वर येतात घरांची जोती, वाटा, विहिरी, माडांचे वठलेले बुंधे आणि सोमेश्वराचे देवालय. हे कुर्डी गाव. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः येऊन धरणाची योजना समजावून सांगितली होती, अशी आठवण गावकरी सांगतात. १९८६ च्या सुमारास गाव पाण्याखाली गेले. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान अशी सर्व कुटुंबे वाडे आणि वाल्किणी येथील वसाहतींत राहावयास गेली. गावातील प्राचीन महादेव मंदिराचा एकेक दगड उतरवून ते धरणाजवळ पुन्हा उभारण्यात आले. घरांना मात्र असे भाग्य लाभले नाही.

संगीतप्रेमी श्रोत्यांना हे नाव परके वाटणार नाही. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या आणि किशोरी आमोणकरांच्या मातोश्री गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली याच गावी जन्मल्या. त्यांच्या आडनावात जे गाव अजून नांदते आहे, ते वर्षातून काही आठवडेच उन्हात येते.

त्या दिवसांत जुने गावकरी परत येतात. देवालयात उत्सव होतो, ख्रिस्ती बांधव आपल्या प्रार्थनास्थळी सण साजरा करतात. वडीलधारी माणसे नातवंडांना बोटाने दाखवितात, ‘हे आपले अंगण, ही आपली विहीर.’ पहिल्या पावसाबरोबर सारे पुन्हा बुडते.

धरण बांधले हे चुकले, असे मी म्हणत नाही. दक्षिण गोव्यातील असंख्य घरांची तहान त्यानेच भागते. परंतु ज्यांनी गाव दिले, त्यांच्याच वसाहतींतून पुरेसे पाणी मिळत नसल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वाचावयास मिळाल्या आहेत, हेही विसरता येत नाही.

म्हणून साळावलीस अवश्य जा, श्रावणातील जलवैभव डोळे भरून पाहा. पण वैशाखात कुर्डीस गेलात, तर कोणाच्या तरी अंगणात पाऊल टाकीत आहोत या जाणिवेने चाला. जोत्याचा दगड हलवू नका, देवळाच्या आवारात केरकचरा टाकू नका. आणि घरी परतून नळाची तोटी उघडाल, तेव्हा त्या पाण्याखालच्या गावाची क्षणभर आठवण ठेवा.