जुन्या मशीनला नवी रॅम का बसत नाही

“घरी चार जीबीची रॅम पडलीय, ह्यात बसवून द्या की.” शिरवळला कुणी जुना संगणक उघडून बसलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पुणे-सातारा रस्त्यावर कारखाने वाढले तशी भंगाराची दुकानंही वाढली, आणि पोत्यांनी येणाऱ्या कीबोर्ड-मॉनिटरच्या ढिगात कधीमधी एखादं दुर्मीळ यंत्र निघतं. माळ्यावरून उतरवलेला सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम संगणक, एखाद्या छपाईवाल्याचा पडदा आणि संगणक एकाच डब्यात असलेला छोटा मॅकिंतोश. बोलणं सुरू होतं ते त्याची मेमरी वाढवण्यापासून, आणि गैरसमजही तिथूनच.

पहिला पटकन निकालात काढू. मेमरी वाढली म्हणून फाइली जास्त मावत नाहीत. रॅम ही काम चालू असतानाची जागा. वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. स्पेक्ट्रमवर लिहिलेलं जपायचं तर कॅसेटवर घ्यावं लागे. भारनियमनाच्या काळात हे वेगळं शिकवावं लागलं नसतं.

“जास्त रॅम घातली तर चालेल ना, जास्तच आहे!” हा मात्र चिवट गैरसमज. सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ साली आला तो १६ आणि ४८ केबी अशा दोन रूपांत. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास परवान्यावर जो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ विकला, तो मुळातच ४८ केबीचा. त्याची मेमरी वाढवायला कुणी आणला तर उत्तर एकच: ती आधीच भरलेली आहे. आतल्या झेड-८० प्रोसेसरला पत्त्याच्या सोळाच तारा आहेत. सोळा तारांवर ६५,५३६ पत्ते होतात, म्हणजे ६४ केबी. त्यातले १६ केबी रॉमने, म्हणजे न पुसल्या जाणाऱ्या कायमच्या मेमरीने, अडवलेले, उरले ४८. चार जीबी म्हणजे त्याच्या सुमारे ८७ हजार पट. तेवढ्या घरांचे पत्ते लिहायला ह्या पोस्टमनच्या वहीत पानंच नाहीत. पुढच्या १२८ केबीच्या स्पेक्ट्रमने मेमरीचे तुकडे आळीपाळीने त्याच पत्त्यांवर आणून वाट काढली, पण त्यासाठी कंपनीला सर्किटच नव्याने आखावं लागलं.

खरा वाव आहे तो परदेशातून कुणा नातेवाइकाने आणलेल्या १६ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये. त्याच्या बोर्डावर रिकाम्या जागा असतात. तिथे मेमरीच्या आठ चिपा आणि सोबत चार छोट्या लॉजिक चिपा लावल्या की ४८ केबी होतात. ह्या आठ जागांची गोष्ट मोठी गमतीची आहे. पैसे वाचवण्यासाठी सिंक्लेअरने ६४ किलोबिटच्या, पण तपासणीत अर्ध्याच चांगल्या निघालेल्या चिपा घेतल्या आणि चांगला अर्धा भाग कोणता, ते सांगणारी एक तार बोर्डावर जोडली. त्यामुळे आठही चिपांचा एकाच बाजूचा अर्धा भाग चांगला असावा लागे. आज तिथे पूर्ण चांगली ४१६४ चिप चालते. मग ६४ केबी मिळतील का? नाही. तिचाही अर्धाच भाग वापरला जातो.

ह्याच ४१६४ वरून आणखी एक गैरसमज: पाय जुळले की चिप बसते. त्याच बोर्डावर खालच्या १६ केबीसाठी ४११६ चिपा आहेत. त्यांनाही सोळाच पाय, आकारही तोच. पण ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५. तिच्या आठव्या पायावर १२ व्होल्ट येतात, आणि ४१६४ ला त्याच पायावर ५ व्होल्टच हवे असतात. बोर्डात फेरफार न करता ती तिथे बसवली तर चालू करताक्षणी जळते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चिपा आणताना नुसता आकार दाखवू नका, नंबर लिहून न्या. अडॅप्टरचंही तसंच. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण पिनेच्या मध्यभागी ऋण. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरना मध्यभागी धन असतं. उलटा लावला तर नवी-जुनी मेमरी एकदमच संपायची.

काम नीट झालं का, हे यंत्रच सांगतं. चालू केल्यावर पडदा क्षणभर काळा होतो. तेवढ्या वेळात रॉम प्रत्येक पत्त्यावर आकडा लिहून तो परत वाचता येतो का ते बघते, आणि मगच सिंक्लेअर रिसर्चची ओळ उमटते. पण ती ओळ १६ केबीलाही तशीच येते. खातरजमा करायची तर बेसिकमध्ये २३७३२ ह्या पत्त्यावरचा आकडा घ्या आणि त्यात पुढच्या पत्त्यावरच्या आकड्याची २५६ पट मिळवा. ६५५३५ आलं तर ४८ केबी, ३२७६७ आलं तर नव्या चिपा यंत्राला दिसतच नाहीत.

“मग आता पळेल का?” घड्याळ ३.५ मेगाहर्ट्झचं होतं, तेच राहतं. इथे एक खाचखळगा मात्र आहे. खालच्या १६ केबीमध्येच पडद्याचं चित्र साठवलेलं असतं, त्यामुळे चित्र काढलं जात असताना तिथे प्रोसेसरला थांबावं लागतं. वरच्या ३२ केबीमध्ये हा अडथळा नाही. वेगाला महत्त्व असलेला भाग गेम लिहिणारे मुद्दाम वर ठेवत. म्हणजे मेमरीने वेग वाढत नाही हे खरं, पण १६ केबीवाल्याला थोडा फायदा होतो हेही खरं.

आता मॅकिंतोश. प्लस, एसई आणि क्लासिक ह्या तिघांची कमाल ४ एमबी. त्यांना ३० पिनांच्या पट्ट्या लागतात, त्याही जोडीने. प्लसला १५० नॅनोसेकंदांची पट्टी पुरते, ७० ची लावली म्हणून तो धावत नाही. पण एक एमबीचा क्लासिक असेल तर मेमरी वाढवणं सार्थकी लागतं, कारण सिस्टिम ७ ला किमान २ एमबी हवेत. १९८९ च्या एसई/३० मध्ये तर आठ खाचांत तब्बल १२८ एमबी बसतात. तेवढे बसवूनही मूळ रॉम ८ एमबीच वापरू देते. पुढचे हवे असतील तर ‘मोड ३२’ हे सॉफ्टवेअर घाला किंवा रॉम बदला.

ह्या डब्याच्या आत पिक्चर ट्यूब आहे, आणि वायर काढून ठेवली तरी तिच्यात हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. “बंद आहे, काय होतंय” असं म्हणून हात घालू नका. भार उतरवायची रीत माहीत नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिकला गाठा. ट्यूबच्या टीव्हीवर हात बसलेल्याला ती येते.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारं: पडद्यावर पट्टे किंवा चौकटी दिसल्या की लोक मेमरी खराब ठरवून नवी शोधत फिरतात. क्लासिक आणि एसई/३० मध्ये पुष्कळदा दोष असतो गळक्या कपॅसिटरचा, नाहीतर घड्याळाच्या ३.६ व्होल्टच्या बॅटरीचा. ती फुटली की आतलं रसायन बोर्डाचे तांब्याचे मार्ग खाऊन टाकतं, आणि त्या बोर्डावर कितीही रॅम लावा, उपयोग शून्य. असा मॅकिंतोश तुमच्या माळ्यावर असेल तर रॅमची चौकशी नंतर करा. आधी तो जाणत्याकडून उघडवून बॅटरी काढून घ्या.