डोक्यातील नळी आणि डॉक्टरची जबाबदारी

ज्याला आपण ‘डोक्यात पाणी झाले’ म्हणतो, त्या विकारात मेंदूतील द्रव साचून आतून दाब वाढतो. त्यावर शस्त्रवैद्य एक बारीक नळी कायमची बसवितात. तिचे एक टोक मेंदूच्या पोकळीत, दुसरे बहुधा पोटात, आणि मध्ये झडप. हिलाच शंट म्हणतात. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर या कारागिराने आपल्या आजारी मुलासाठी अशी एक झडप घडविली आणि ती पुढे जगभर वापरली गेली.

नळी म्हटली की ती कधीतरी तुंबणार, हे कोणताही फिटर सांगेल. लहान मुलांत दहांपैकी तीन-चार नळ्या पहिल्या एकदोन वर्षांतच निकामी होतात, हात कितीही कुशल असला तरी. तेव्हा नळी तुंबली एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. मग दोष कोठे सुरू होतो?

याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका खटल्यात आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे एका तरुणाचा पाय मोडला. पुण्यात भूल न देता, जोर लावून हाड ओढले गेले आणि तो दगावला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने बापाला मिळालेली तीन हजारांची भरपाई कायम केली व डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रोगी हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत वाजवी काळजी.

हीच फूटपट्टी शंटला लावा. नळी बसविलेले मूल डोके दुखते म्हणून रडते, ओकते, गुंगीत जाते. तान्ह्याची टाळू फुगते. असे मूल समोर आले असता ‘पोट बिघडले आहे’ म्हणून, नळी न तपासता घरी धाडले, तर तेथे प्रश्न उभा राहतो. अशा वेळी काही तासांचा उशीरही दृष्टी किंवा प्राण घेऊ शकतो. घरी सोडताना ही लक्षणे आईबापांस समजावून सांगितली होती का, हेही विचारले जाते.

दाद कोठे मागावी? पैसे घेणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक आयोगाकडे. हा मार्ग १९९५ च्या निकालाने पक्का झाला. मुदत दोन वर्षांची. कामगार राज्य विम्याचे रुग्णालय फुकट नव्हे, कारण वर्गणी पगारातून कापली जाते. म्हणून तेही या कायद्यात येते, असे २००७ साली ठरले. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतो, ते सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर; पण दिवाणी न्यायालय उघडे आहे. १९६३ साली औरंगाबादेत शस्त्रक्रियेत एका बाईच्या पोटात कापड राहिले आणि ती मेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल शासनासच जबाबदार धरले.

बोरगाव मेघ्याच्या माणसाला सेवाग्राम, सावंगी जवळ आहेत, हे आपले भाग्य. पण रुग्णालय कोणतेही असो, कागद सांभाळा. कारखान्यात हजेरीपट नसेल तर केलेले काम सिद्ध होत नाही; येथेही तसेच. नळीचा प्रकार, शस्त्रक्रियेची नोंद, घरी सोडल्याचा कागद, तपासणीची चित्रे, सारे एका पिशवीत ठेवा. रुग्णाने नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी बहात्तर तासांत द्याव्यात, असा २००२ चा नियम आहे. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

चांगला डॉक्टर अशा कागदाला भीत नाही. तोच कागद त्याचेही रक्षण करतो. आणि मूल पुन्हा गुंगीत गेले, तर वकिलाकडे नव्हे, आधी रुग्णालयात धावा. भरपाईने घर चालेल; गेलेली दृष्टी परत येणार नाही.