काम केलं, मग अधिकार का नाही?



आपल्याकडे मुलगी नको असताना झाली, की तिचं नाव ‘नकुसा’ ठेवायचे. हाँगकाँगच्या एका वडिलांनी मात्र १९०७ साली जन्मलेल्या लेकीचं नाव ठेवलं टिम-ओई, म्हणजे खूप लाडकी लेक. हीच लेक पुढे अँग्लिकन चर्चची जगातली पहिली महिला धर्मगुरू झाली. पूर्ण नाव फ्लॉरेन्स ली टिम-ओई.

अँग्लिकन हा इंग्लंडमधून जगभर पसरलेला ख्रिस्ती पंथ. त्यात प्रभुभोजनाचा विधी धर्मगुरूनेच करायचा आणि धर्मगुरू पुरुषच असायचा, अशी तेव्हाची रीत. फ्लॉरेन्सताई मकाव शहरात चर्चचं काम बघायच्या. मकाव तेव्हा आपल्या गोव्यासारखंच पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. दुसऱ्या महायुद्धात जपानने आजूबाजूचा मुलूख घेतला आणि मकावमध्ये निर्वासितांची गर्दी झाली. पुरुष धर्मगुरूंना तिथे पोहोचता येईना. सगळा भार ताईंवरच आला.

हाँगकाँगचे बिशप रोनाल्ड हॉल यांनी विचार केला, काम ही करते, तर अधिकारही हिलाच द्यायला हवा. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमध्ये त्यांनी ताईंना धर्मगुरूपदाची दीक्षा दिली.

युद्ध संपलं आणि वाद सुरू झाला. वरिष्ठांना हे मान्य नव्हतं. बिशपवर दबाव आला. तेव्हा १९४६ मध्ये ताईंनी धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना परत दिला. पण दीक्षा सोडली नाही. म्हणजे काम थांबवलं, पण ‘मी धर्मगुरू नाही’ असं कधी म्हटलं नाही.

पुढे चीनमध्ये चर्च बंद झाली. ताईंना शेतावर आणि कारखान्यात राबावं लागलं. १९७१ मध्ये हाँगकाँगमध्ये आणखी दोघींना दीक्षा मिळाली. १९८०च्या दशकात ताई कॅनडात गेल्या आणि पुन्हा धर्मगुरू म्हणून उभ्या राहिल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये त्या वारल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या चर्चने महिलांना धर्मगुरू करायचं ठरवलं. १९९४ मध्ये तिथल्या पहिल्या ३२ जणींना दीक्षा मिळाली.

तायांनो, अडचणीच्या वेळी काम बाईकडे येतं आणि सगळं सुरळीत झालं की अधिकार परत मागतात. तुमच्या गावात असं कोणतं काम आहे, जे तुम्ही करता आणि सही दुसऱ्याची असते? या महिन्याच्या गटाच्या बैठकीत यावर बोला. आणि जे ठरेल ते इतिवृत्तात नक्की लिहा.