खांदा आखडला तर काय करावे?



मोळी उचलायची, दारे धरायची, ट्रॅक्टरवर चढायचे, सगळीकडे खांदा लागतो. पण चाळिशी-पन्नाशीत कित्येकांची तक्रार सुरू होते, की सदऱ्यात हात जाईना, मागच्या खिशातले पाकीट निघेना. भगिनींना वेणी घालता येईना. रात्री त्या कुशीवर झोप नाही. "वारं भरलं असेल" म्हणून नुसते तेल चोळत राहतात, आणि दोन-चार महिन्यांत हात वर जाणेच बंद होते. याला डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात, म्हणजे गोठलेला खांदा. हे नाव अमेरिकन शल्यविशारद डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली दिले.

नेमके होते काय?

खांदा हा उखळीचा सांधा. त्याभोवती एक सैलसर पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच हात चहूकडे फिरतो. या आजारात ती पिशवी सुजते, जाड होते आणि वाळल्या चामड्यासारखी आकसते. यात हाड सरकलेले नसते. एक्स-रेसुद्धा बहुधा चांगलाच येतो.

ओळखण्याची एक खूण आहे. आपला हात आपल्याला उचलत नाही, आणि दुसऱ्याने हळूच उचलू म्हटले तरी तो ठरावीक जागी अडतो. दुसऱ्याने उचलल्यावर सहज वर जात असेल, तर दुखणे स्नायूचे असण्याचा संभव जास्त. पक्के निदान मात्र डॉक्टरांनीच करावे.

हा आजार ४० ते ६० वयात अधिक दिसतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. मधुमेह असणाऱ्यांना तर तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. म्हणून खांदा आखडला की रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येकदा साखरेचा पत्ता खांद्यामुळेच लागतो!

तीन टप्पे

पहिल्या टप्प्यात दुखणे फार, आणि हात हळूहळू आखडत जातो. दुसऱ्यात दुखणे उतरते, पण हात जागच्या जागी अडतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटू लागतो. सगळे मिळून एक ते तीन वर्षे लागू शकतात. बहुतेकांचा हात पुष्कळसा सुधारतो, काहींना थोडा ताठरपणा राहतो.

घरी काय करावे?

दहा मिनिटे गरम शेक घेऊन दिवसातून दोन-तीन वेळा हे व्यायाम करावेत :

१) कमरेत वाकून चांगला हात टेबलावर टेकवावा. दुखरा हात सैल सोडून लंबकासारखा हलवावा.

२) भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढत जावे. जिथवर पोचाल तिथे खडूने खूण करावी. खूण वर सरकू लागली की उमेद वाढते.

३) कोपरे बरगडीला चिकटवून काठी (उसाचे टिपरेही चालेल!) दोन्ही हातांत आडवी धरावी आणि चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलावा.

थोडा ताण जाणवावा, पण व्यायामानंतर बराच वेळ ठणकत राहिले तर दुसऱ्या दिवशी बेताने घ्यावे.

काय करू नये?

हाड बसवून घेण्यासाठी कोणाकडून झटका देऊन घेऊ नये. आकसलेली पिशवी फाटते, प्रसंगी हाडही मोडते. उलट, हात गळ्यात बांधून महिनोन् महिने ठेवला तर तो आणखीच आखडतो.

डॉक्टरांचे उपचार

दुखणे फार असेल तर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. सुरुवातीच्या काळात त्याचा गुण चांगला येतो. मात्र मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, तेव्हा आधी सांगावे. भूल देऊन हात मोकळा करणे किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया हेही मार्ग आहेत. पण ब्रिटनमध्ये सुमारे ५०० रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात इंजेक्शनसह व्यायामोपचार आणि हे दोन्ही मार्ग यांच्या वर्षभरानंतरच्या गुणात फार मोठा फरक आढळला नाही. तेव्हा शस्त्रक्रियेची घाई नको.

एक इशारा : खांदा एकाएकी दुखू लागला आणि छाती भरून आली, घाम सुटला किंवा दम लागला, तर तो खांद्याचा आजार समजू नये. ताबडतोब दवाखाना गाठावा. पडल्यानंतर हात उचलेना, किंवा सांधा लाल होऊन ताप आला, तरी थांबू नये.

हंगाम कोणासाठी थांबत नाही हे खरे. पण दुखण्याच्या दिवसांत मोळ्या उचलण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि व्यायाम मात्र एक दिवसही चुकवू नये. उसाला जसे पाळीने पाणी लागते, तशी या खांद्याला रोजची हालचाल लागते.