उपवास आणि मधुमेही शरीराचा जमाखर्च

पर्युषणात निरोगी मनुष्य दिवसभर निराहार राहिला तरी त्याच्या रक्तातील साखर फारशी ढळत नाही. साखर उतरू लागताच स्वादुपिंड इन्सुलिन आवरते व ग्लुकागॉन वाढवते. यकृत आपली शिल्लक रक्तात सोडते. ती शिल्लक साधारण एका दिवसात सरत आली की यकृत नवी साखर घडवते आणि शरीर चरबीवर निभावते. या अंतर्गत समतोलास वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले.

मधुमेहात नेमका हाच जमाखर्च बिघडतो. बाहेरून घेतलेले इन्सुलिन आणि ते स्रवण्यास भाग पाडणाऱ्या काही गोळ्या पोट रिकामे आहे, हे जाणत नाहीत. साखर डेसिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. घाम, कंप, धडधड, भ्रम ही लक्षणे उमटतात. ही तपाची कसोटी नव्हे, धोक्याची सूचना होय. उलट, औषध मनाने बंद केल्यास उपाशीपोटीही साखर वाढू शकते; कारण यकृत ती सोडतच राहते. चौविहार उपवासात पाणीही वर्ज्य असल्याने मूत्रपिंडांवर ताण येतो.

म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी. लक्षणे दिसताच विनाविलंब साखर द्यावी. व्रतभंगाच्या शंकेचे समाधान नंतर गुरुमहाराजांकडून करून घेता येते, प्रायश्चित्त हेही तपच आहे. शास्त्रानेही तप यथाशक्ती सांगितले आहे. वडीलधाऱ्यांनी ऊनोदरी वा स्वाध्याय स्वीकारला, तर घराने त्यांच्या तपाची तितक्याच आदराने अनुमोदना करावी.